पायथॉनच्या शेलमध्ये या चुका टाळा

पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला शेलसारखी, म्हणजे पायथॉनशी थेट बोलायच्या खिडकीसारखी, सोयीची जागा नाही. फाइल बनवा, सेव्ह करा, मग चालवा ही कटकटच नको. ओळ लिहिली, एंटर मारला, उत्तर समोर. तरी नवशिके हमखास इथेच अडकतात. भाषा कळत नाही म्हणून नव्हे, तर आपण कुणाशी बोलतोय आणि समोरच्याच्या काय काय लक्षात आहे, याचा पत्ता नसतो म्हणून.

टाइप करण्याआधी प्रॉम्प्ट, म्हणजे ओळीच्या सुरुवातीची खूण, बघा. >>> दिसत असेल तर पायथॉन ऐकतोय, $ सारखी खूण दिसत असेल तर टर्मिनल, म्हणजे कॉम्प्युटरला आज्ञा द्यायची खिडकी. शेलमध्ये बसून ‘पायथॉन’ आणि पुढे फाइलचं नाव लिहिलं की सिंटॅक्स एरर (वाक्यरचनेची चूक) ठरलेली, कारण ती आज्ञा टर्मिनलची आहे. आधी बाहेर पडा: विंडोजवर कंट्रोल-झेड आणि एंटर, लिनक्स-मॅकवर कंट्रोल-डी. लिनक्सवर सवयीने कंट्रोल-झेड दाबलंत तर शेल बंद होत नाही, नुसता थांबून राहतो. टर्मिनलमध्ये ‘एफजी’ (fg) लिहा, परत येईल.

प्रॉम्प्टच्या जागी ... आले आणि काही केल्या उत्तर येईना? बहुधा कुठेतरी कंस उघडा राहिलाय. एंटर बडवत बसू नका. कंट्रोल-सी दाबा आणि ओळ नव्याने लिहा.

कॉपी-पेस्टची भानगड वेगळी. शेलमध्ये रिकामी ओळ म्हणजे ब्लॉक (एकत्र चालणाऱ्या ओळींचा गट) संपला. त्यामुळे फंक्शनच्या मधोमध वाचायला बरी म्हणून सोडलेली ओळ पेस्ट झाली की पुढच्या ओळींवर इंडेंटेशन एरर, म्हणजे ओळीआधीच्या मोकळ्या जागेची चूक, येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ आवृत्तीत नवा शेल आहे. त्यात एफ३ दाबून पेस्ट मोड चालू करता येतो, मग रिकाम्या ओळीने ब्लॉक तुटत नाही. धड्यातला कोड >>> सकट उचललात तरी साधा शेल रुसतो. आणि व्हॉट्सॲप किंवा वर्डमधून आलेली वळणदार अवतरणचिन्हं? ती पायथॉनला मुळीच चालत नाहीत, सरळ चिन्हं हातानेच टाका.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती शेलची स्मरणशक्ती. सकाळी गंमत म्हणून ‘लिस्ट’ (list) नावाचं व्हेरिएबल, म्हणजे किंमत साठवायचं नाव, केलंत, तर दुपारी त्याच शेलमध्ये लिस्ट हे फंक्शन वापरताना ‘नॉट कॉलेबल’ अशी एरर येईल. कोड बरोबर असतो. मूळ नाव तुमच्या व्हेरिएबलखाली झाकलं गेलेलं असतं. ‘डेल’ (del) वापरून आपलं नाव पुसलं की मूळ फंक्शन परत दिसतं. दुसरा प्रकार याहून छळवादी: मॉड्यूल (दुसऱ्या फाइलमधला कोड) इम्पोर्ट केलं, म्हणजे शेलमध्ये आणलं, मग फाइलमधली चूक सुधारली, पुन्हा इम्पोर्ट केलं, तरी चूक तशीच! एकदा आणलेलं मॉड्यूल पायथॉन त्या बैठकीत पुन्हा वाचत नाही. इम्पोर्टलिबमधलं रीलोड वापरा, नाहीतर शेल बंद करून उघडा. मी तरी दुसरंच करतो, जुना कचराही जातो. मात्र शेल बंद झाला की व्हेरिएबलंही जातात, तेव्हा कामाच्या ओळी आधी फाइलमध्ये उतरवा.

त्या उतरवल्या की पुढची तक्रार तयार: “शेलमध्ये चाललं, फाइलमध्ये काहीच दिसत नाही.” शेल प्रत्येक उत्तर आपणहून दाखवतो. फाइलमध्ये प्रिंट लिहावंच लागतं.

शेवटी आपल्या कीबोर्डचं. पायथॉन ३ मध्ये ‘नाव’ हे व्हेरिएबल चालतं, पण १२ हा आकडा देवनागरीत थेट लिहिला तर सिंटॅक्स एरर. मजा अशी की तोच आकडा अवतरणचिन्हांत घालून इंट या आकडा बनवणाऱ्या फंक्शनला दिला, तर तो बिनतक्रार बारा समजतो. आणि ‘नमस्ते’ची लांबी लेन या फंक्शनने मोजली तर ६ येते. शेल बिघडलेला नाही. हलन्त आणि मात्राही त्याने वेगळ्या मोजल्यात.