व्हीलचेअर वापरणाऱ्यासाठी फर्निचर करताय? या चुका टाळा

रिकाम्या खुर्चीचं माप घेऊ नका. नवीन पोरं नेटवरचं माप बघतात आणि थेट फळी कापायला घेतात, याचा मला खरंच त्रास होतो. माणूस खुर्चीत बसलेला पाहिजे, रोजच्या गादीवर, पाय फूटरेस्टवर, आणि मग जमिनीपासून गुडघ्याच्या वरपर्यंत माप घ्यायचं.

मला हे एका माणसाच्या जखमेने शिकवलं. वेंगुर्ल्याजवळ एका काकांना फणसाच्या लाकडाचं टेबल करून दिलं, उंची नेहमीची 30 इंच, आणि समोरून बरं दिसावं म्हणून फळीखाली 4 इंचांची आडवी पट्टी. फळीची जाडी 1 इंच, म्हणजे खाली मोकळे राहिले 25 इंच, आणि खुर्चीतल्या गुडघ्यांना 27 तरी लागतात. काकांच्या मणक्याला मार बसलेला, कमरेखाली काहीच जाणवत नाही, त्यामुळे रोज टेबलापाशी येताना पट्टीची कड गुडघ्यावर घासतेय हे त्यांना कळलंच नाही. आंघोळ घालताना काकूंनी बघितलं. मला फोनवर म्हणाल्या, "तेंका लागला तरी कळणा नाय रे." जखम भरायला दोन महिने गेले. पट्टी मी त्याच दिवशी काढली आणि मागे भिंतीच्या बाजूला लावली, टेबल हललं नाही. आता पुढे पट्टी घालतच नाही, खालच्या कडा पॉलिशपेपरने गोल करतो, आणि लाकडाला हात लावायच्या आधी चिरे नि तुकडे रचून वर प्लाय ठेवतो आणि माणसाला खुर्चीसकट आत यायला सांगतो. अर्धा तास जातो फक्त. पाय पुढे जायला आत 19 इंच खोली पण सोडा.

दुसरी चूक खणांची. मे महिन्यात घट्ट बसवलेला खण जुलैत अडकतो, हे कोकणात सगळ्यांना माहीत आहे तरी करतात. उभा माणूस जोर लावून ओढेल, पण खुर्चीतल्याने ओढलं की खण येत नाही, खुर्चीच पुढे जाते, आणि ब्रेक लावला तरी सगळा जोर खांद्यांवर येतो, ज्या खांद्यांनी तो दिवसभर चाकं फिरवतोय. लाकूड लांबीत नाही, रुंदीत फुगतं, म्हणून फट खणाच्या वर सोडा, मी 4-5 मिलिमीटर सोडतो. ओलं लाकूड लवकर मिळतं म्हणून वापरू नका, गिऱ्हाईक कितीही घाई करू दे.

गोल मुठी नकोत, चार बोटं आत जातील असं लांब हँडल लावा.

समुद्राजवळ लोखंडी स्क्रू गंजतात, पितळी नाहीतर स्टेनलेस वापरा.

पलंगाची उंची खुर्चीच्या गादीएवढी ठेवा, पण माणूस बसल्यावर दोन्ही गाद्या दबतात तेव्हाची. काथ्याची कमी दबते, फोमची जास्त. म्हणून गादी घरात आल्याशिवाय मी पलंगाचे पाय कापतच नाही.