हाताने घडवलेल्या पाइपवर अभिप्राय मागताना या चुका टाळा

तंबाखू ओढायचा पहिला पाइप पूर्ण झाला की हातात घेतल्यावर खाली ठेववत नाही. मेण चढवलेलं ब्रायरचं लाकूड चमकत असतं, लाकडाचे रेषे उठून दिसतात. फोटो काढून जाणकारांना पाठवला जातो, ‘छान जमलाय’ असं उत्तर येतं आणि दुसऱ्या पाइपातही हवेचं भोक वाटीच्या तळापेक्षा तेवढंच वर पडतं. पाइप चांगला की वाईट हे ठरतं आतल्या भोकांवर, आणि ती कुणाला दाखवलेलीच नसतात.

फक्त चमक दाखवणं

फोन पाइपच्या अगदी जवळ नेऊन फोटो काढू नका. जवळून वाटी (तंबाखू भरायचा भाग) फुगलेली आणि तिला जोडलेली लाकडी दांडी आखूड दिसते, मग सगळी चर्चा नसलेल्या दोषावर होते. चार-पाच फूट लांब उभं राहा, कॅमेरा पाइपच्या उंचीला आणा आणि झूम करा. दोन्ही बाजू, वरून, खालून, समोरून असे फोटो साध्या पार्श्वभूमीवर काढा आणि शेजारी मोजपट्टी ठेवा. मग स्टेम (तोंडात धरायची नळी) काढून दांडीचं तोंड, स्टेमचं टेनन (दांडीत शिरणारा भाग), दातात धरायची कड आणि वाटीचा तळ दाखवा. सांधा उजेडासमोर धरून काढलेला फोटो तर हवाच. तिथून प्रकाशाची रेघ दिसली, तर स्टेमचा खांदा नीट टेकलेला नाही.

मापं न देणं

हे सगळ्यात जास्त राहून जातं. वाटीचा आतला व्यास साधारण 19-20 मिमी, हवेचं भोक साधारण 3.5 ते 4 मिमी आणि दातात धरायच्या जागी स्टेमची जाडी 4 मिमीच्या आसपास, अशी मापं बरेच कारागीर ठेवतात. तुमची मापं व्हर्नियरने घेऊन लिहा. त्यांवरून अनुभवी माणूस पाइप हातात न घेताही दोष ओळखतो.

ओढताना गुडगुड आवाज येतो का? टेननची लांबी आणि दांडीतल्या खाचेची खोली मोजा. दोन्हींत मोठी पोकळी राहिली, की धुरातली वाफ तिथे थंड होऊन पाणी साचतं. डेलरिन या टणक प्लास्टिकचं थोडं लांब टेनन बसवलं की हे सुटतं, फक्त ते तळाला इतकं टेकू नये की खांदा उचलला जाईल. ओढायला जड जात असेल, तर आधी स्टेमचं दाताकडचं टोक तपासा. बहुतेक वेळा दांडीतलं भोक बरोबर असतं आणि टोकाची फट अरुंद राहिलेली असते. बारीक कानशीने ती आतून पंख्यासारखी रुंद करा. पाइप क्लीनर स्टेमसकट सरळ वाटीपर्यंत जायला हवा, अडला तर कुठे अडला ते सांगा.

हवेचं भोक वाटीच्या तळापेक्षा वर उघडलं असेल, तर खालची तंबाखू ओली आणि अर्धवट जळलेली राहते. फरक थोडा असेल तर राख आणि पाण्याचा लेप देऊन तळ वर आणतात. फरक जास्त असेल, तर तो पाइप शिकण्यापुरताच ठेवावा.

सगळं झाल्यावर विचारणं

रंग आणि मेण लावून झाल्यावर फारसं काही बदलता येत नाही. खरं मत हवं ते कागदावरच्या पूर्ण आकाराच्या रेखाटनावर, ड्रिल लावण्याआधी. कोपनहेगनचे सिक्स्टन इव्हार्सन पाइप दुरुस्त करता करता घडवू लागले. आधी बाहेरचा आकार आणि नंतर भोकं, ही त्यांची पद्धत पुढे डॅनिश कारागिरीची ओळख बनली. नवशिक्याने मात्र आधी भोकं पाडावीत. ती सरळ पडली तर बाकीचं कानशीने सावरता येतं.

‘कसा वाटला?’ असं विचारणं

‘बिलियर्ड करायचा होता, दांडी जाड वाटते का?’ असं विचारा. बिलियर्ड हा पाइपचा एक साधा, सरळ आकार. त्यात वाटीची उंची आणि दांडीची लांबी जवळपास सारखी असते, त्यामुळे चूक लपत नाही. सुरुवातीला म्हणूनच तो करावा. फसलेल्या बिलियर्डला ‘फ्रीहँड’ म्हणजे मनाजोगत्या आकाराचा पाइप म्हटलं, तर समोरचा कशाशी तुलना करणार?

लाकूडही खरं सांगा. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी वाढणारी गाठ. ती उकळून महिनोन्‌महिने वाळवतात, म्हणून उष्णता सोसते. आपल्याकडे ती मिळत नाही म्हणून कुणी शिसवीचा पाइप करतो. शिसवीच्या भुशाने अनेकांना त्वचेचा आणि श्वासाचा त्रास होतो, म्हणून मास्क लावा. वाटीच्या आत रंग किंवा व्हार्निश लावलं असेल, तर तेही लपवू नका.

चुकीच्या माणसाला विचारणं

घरच्यांचं कौतुक प्रेमाचं असतं, सांध्याबद्दल त्यातून काही कळत नाही. सुतारकाम जाणणारा फिनिश सांगेल, पाइप ओढणारा वजन आणि दातातली पकड सांगेल. जुने पाइप दुरुस्त करणारा मात्र सगळ्यात मोलाचा, कारण पाइप कुठे तडकतो हे त्याने रोज पाहिलेलं असतं. चाचणीसाठी न ओढणाऱ्याच्या हातात पेटता पाइप देऊ नका. पाइपच्या धुरानेही तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतोच. हवा मोकळी येते का, हे न पेटवताही कळतं.

आणि एखादा पाइप फसलाच, तर तो करवतीने उभा मधोमध कापा. भोक कुठे वळलं, भिंत कुठे पातळ झाली, टेननमागे किती पोकळी राहिली, सगळं एका नजरेत दिसतं. पुढचं मत मागताना या कापलेल्या पाइपाचा फोटो आधी पाठवा.