परदेशी सॉकेटला लॅपटॉपचा चार्जर लावताना या चुका टाळा

परदेशी निघालेल्यांना धास्ती असते व्होल्टेजची. लॅपटॉपपुरती ती बहुतेक वेळा फुकटच. चार्जरच्या ठोकळ्यावरचं बारीक अक्षरातलं लेबल वाचा. ‘इनपुट’पुढे १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं छापलेलं असेल, तर जपानचे १०० व्होल्ट, अमेरिकेचे १२० आणि युरोपचे २३० हे सगळं त्याला चालतं. घोळ होतो तो पिनांपाशी.

तरीही काही जण व्होल्टेज कन्व्हर्टर घेतात. नको! हलके, स्वस्त कन्व्हर्टर हेअर ड्रायरसारख्या तापणाऱ्या वस्तूंसाठी असतात. त्यांतून येणाऱ्या वेड्यावाकड्या पुरवठ्याने चार्जर बिघडू शकतो. तुम्हाला हवा फक्त पिनांचा आकार बदलणारा अ‍ॅडॅप्टर. तो व्होल्टेजला हात लावत नाही, म्हणून १२० व्होल्टचा ड्रायर त्यातून २३० वर लावलात तर जळालाच समजा.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते अर्थिंगकडे. तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये बसवला की लॅपटॉप चालू होतो आणि माणूस निर्धास्त होतो. मग धातूच्या बॉडीवर हात ठेवला की झिणझिण्या येतात. चार्जरमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून (वीज साठवणाऱ्या भागातून) अगदी थोडा प्रवाह झिरपतो. एरवी तो अर्थमधून निघून जातो, आता तुमच्या हातातून वाट शोधतो. चार्जर धड असेल तर एवढ्याने सहसा इजा होत नाही. पण आत बिघाड झालाच तर वाचवणारी वायरही ही अर्थचीच, आणि ती जोडलेलीच नाही.

युरोपात इथे हमखास फसगत होते, कारण बऱ्याच देशांत अर्थ प्लगच्या तिसऱ्या पिनेत नसतो. जर्मन सॉकेटमध्ये तो कडेच्या पट्ट्यांत असतो, फ्रान्समध्ये सॉकेटमधूनच एक पिन बाहेर आलेली असते. बारीक दोन पिनांचा अ‍ॅडॅप्टर दोन्हीकडे छान बसतो आणि दोन्हीकडे अर्थ सोडून देतो. कडेला पट्ट्या आणि मध्ये भोक असलेला जाडजूड गोल अ‍ॅडॅप्टर घ्या.

त्याहून बरा उपाय म्हणजे फक्त वायर बदलणं. ठोकळ्यात खुपसायचं टोक बहुतेकदा ठरावीक आकाराचं असतं. त्याच टोकाची, त्या देशाच्या प्लगची चांगली वायर मिळते. मग भिंतीवर अ‍ॅडॅप्टर लोंबकळायला नको.

प्लग लावताना बारीकशी ठिणगी उडाली तर घाबरू नका, चार्जरमधले कपॅसिटर एकदम भरतात त्याची ती. नंतरही चरचर ऐकू येत असेल, अ‍ॅडॅप्टर सैल असेल किंवा हाताला चटका बसत असेल, तर भिंतीवर स्विच असल्यास आधी तो बंद करा, मगच काढा.

ब्रिटनमध्ये अर्थची लांब पिन सॉकेटमधली झडप उघडते. पेन खुपसून ती उघडायची आणि दोन पिना घुसवायच्या, ही युक्ती सोडा. तिथल्या प्लगमध्ये फ्यूजही असतो. चार्जरचा दिवा अचानक गेला आणि सॉकेट ठीक असेल तर प्लग काढून फ्यूज तपासा. नवा घालताना जितक्या अँपिअरचा होता तितक्याच अँपिअरचा घाला. ३ च्या जागी १३ चा बसतो, पण मग बारीक वायर तापली तरी तो उडत नाही.