ओट्स आणि फळांचे बाइट्स ओव्हनशिवाय करताय? मग या चुका टाळा

ओव्हन लागत नाही, हाताचं काम दहा-पंधरा मिनिटांत होतं, म्हणून बरेच जण उत्साहाने हे बाइट्स, म्हणजे लाडवासारखे छोटे गोळे, करायला घेतात आणि मग मिश्रण एकतर हाताला चिकटून बसतं नाहीतर वळता वळता त्याचा भुगा होतो. केक-बिस्किटं भाजताना उष्णतेने जास्तीचं पाणी उडून जातं, इथे तसं काही होत नाही, तुम्ही जेवढा ओलावा घालाल तेवढा सगळा आतच राहणार. म्हणून इथे जे काही बिघडतं त्यातलं बरंचसं ओलाव्यामुळेच बिघडतं, आणि कुठली वस्तू पाणी सोडते, कुठली शोषते हे एकदा कळलं की अर्धं काम झालं.

ओट्स कुठले घेता

इथे रोल्ड ओट्सच घ्या. ते कारखान्यातच वाफवून मग चपटे केलेले असतात, म्हणून न शिजवता खाल्ले तरी चालतात. स्टील कट ओट्स म्हणजे तुकडे केलेले अख्खे दाणे, ते न शिजवता घातले तर दाताखाली खड्यासारखे लागतात आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवूनही म्हणावे तसे मऊ होत नाहीत. इन्स्टंट ओट्स खूप पातळ असतात, पाणी पटकन ओढतात आणि सगळ्याचा चिकट लगदा होतो, घरात तेवढेच असतील तर घाला पण ओलं साहित्य थोडं कमी करा. आणि एक गोष्ट अजिबात करू नका, ओट्स कमी पडले म्हणून कच्चं गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळू नका. कच्च्या पिठात आजारी पाडणारे जंतू असू शकतात आणि इथे तर काहीच शिजत नाही.

वेळ असेल तर ओट्स मंद आचेवर ५ ते ७ मिनिटं कोरडेच परतून घ्या, कच्ची चव जाते आणि खमंगपणा येतो. फक्त नंतर पूर्ण गार होऊ द्या, गरम ओट्समध्ये चॉकलेट चिप्स घातल्या की त्या वितळून सगळं मिश्रण तपकिरी होतं.

सगळ्यात जास्त होणारी चूक: घाई

मिश्रण सैल वाटलं की लगेच अजून ओट्स, कोरडं वाटलं की लगेच अजून मध. असं करत करत प्रमाण कुठच्या कुठे जातं आणि शेवटी जे तयार होतं ते खाताना घशात अडकतं. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा फायबर असतो, तो पाणी शोषून फुगतो आणि दाटपणा आणतो, पण त्याला वेळ लागतो. चिया घातला असेल तर अजूनच थांबायला हवं, कारण चिया स्वतःच्या वजनाच्या जवळपास १० पट पाणी धरून ठेवू शकतो. त्यामुळे सगळं एकत्र केलं की भांडं झाका, २० ते ३० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा आणि त्यानंतरच ठरवा काय कमी-जास्त करायचं ते. बऱ्याचदा काहीच करावं लागत नाही!

थांबूनही सैल असेल तर एकेक चमचा ओट्स किंवा जवसाची पूड घाला. भुगा होत असेल तर आधी मिश्रण मुठीत घट्ट दाबून बघा, नुसतं गोल गोल फिरवून ते बांधलं जात नाही, दाबावंच लागतं. तरीही सुटत असेल तर एक चमचा पीनट बटर किंवा दोन भिजवलेले खजूर वाटून घाला. हाताला चिकटत असेल तर तळहात पाण्याने किंचित ओले करा, अगदी किंचित. सुरुवातीला अंदाज म्हणून १ कप रोल्ड ओट्स, अर्धा कप पीनट बटर आणि पाव ते एक तृतीयांश कप मध किंवा खजुराची पेस्ट, एवढं घेऊन चला.

ताजी फळं जपून

स्ट्रॉबेरीत ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, केळ्यात साधारण ७५ टक्के, आणि मनुक्यांत मात्र १५ टक्क्यांच्या जवळपास. यावरूनच कळतं की ताजी स्ट्रॉबेरी चिरून घातली की तासाभरात गोळे ओलसर का होतात. त्यात साखर किंवा मध लागला की फळ अजून पाणी सोडतं. फ्रोझन बेरीज तर वितळताना रसच सोडतात, त्या थेट घालूच नका. फळांचा स्वाद हवा असेल तर मनुके, जर्दाळू, क्रॅनबेरी, सुकं अंजीर असं काही बारीक चिरून घाला, किंवा फ्रीज-ड्राइड (गोठवून सुकवलेल्या) फळांची पूड मिळाली तर ती वापरा, रंग आणि चव दोन्ही येतं आणि पाणी जवळजवळ शून्य. केळं घालायचं असेल तर तेच ओलं साहित्य समजा आणि मध वगळा, थोडा लिंबाचा रस घातला तर काळं पडायलाही वेळ लागतो. पण असे बाइट्स फ्रीजमध्येच ठेवून दोनेक दिवसांत संपवायचे.

खजूर कडक असतील तर कोमट पाण्यात १० मिनिटं भिजवा, मग पाणी नीट निथळून टाका, ते पाणी मिश्रणात ओतायचा मोह टाळा. बी राहिली नाही ना ते एकेक खजूर उघडून बघा, मिक्सरचं पातं एका बीमुळे खराब होऊ शकतं. आणि मिक्सर सलग चालवू नका, थांबत थांबत फिरवा, कारण बदाम-अक्रोड जास्त वाटले गेले की तेल सोडतात आणि गोळे तेलकट होतात. पीनट बटरवर तेल तरंगत असेल तर आधी तळापासून ढवळून घ्या, नाहीतर एकदा नुसतं तेल येतं आणि पुढच्या वेळी खालचा सुका भाग.

प्रोटीन पावडर टाकली आणि सगळं कोरडं पडलं, ही तक्रारही नेहमीची. पावडर ओलावा ओढते, म्हणून ती घातली तर तेवढेच ओट्स कमी करा आणि चमचाभर दूध घाला.

हेल्दी म्हणून कितीही नाही

मध नैसर्गिक आहे म्हणून मोजायचा नाही, असं होत नाही. एक टेबलस्पून मधात साधारण १७ ग्रॅम साखर असते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात मध, सिरप हे सगळं फ्री शुगरमध्येच, म्हणजे वरून घातलेल्या साखरेसारखंच, धरलं जातं. २००० कॅलरीच्या आहारात अशी साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवा असं ते सांगतात, २५ च्या आत असेल तर अजून चांगलं. अख्ख्या खजुरातली साखर यात धरत नाहीत आणि सोबत फायबरही मिळतो, म्हणून मला खजुराचे बाइट्सच जास्त पटतात, पण कॅलरी त्यातही भरपूर असतात. गोळा २० ते २५ ग्रॅमचाच वळा, एका वेळी एक-दोन पुरे. चिमूटभर मीठ मात्र विसरू नका, त्याने कमी गोडातही चव उठून येते.

जवस अख्खा घालू नका, तो बराचसा न पचताच बाहेर पडतो, लागेल तेवढाच ताजा दळून घाला. ग्लुटेन चालत नसेल तर पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहिलेलेच ओट्स घ्या, कारण साध्या ओट्समध्ये नकळत गव्हाचे अंश मिसळलेले असू शकतात.

लहान मुलांसाठी करत असाल तर हे नीट वाचा: १ वर्षाखालच्या बाळाला मध घातलेलं काहीही द्यायचं नाही, बोट्युलिझमचा (मधातल्या जंतूंमुळे बाळाला होऊ शकणारा गंभीर आजार) धोका असतो. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी अख्खे दाणे किंवा नट्स नकोत, बारीक पूड करून घाला, आणि गोल गोळ्याऐवजी चपटे छोटे तुकडे करून द्या, मूल बसून खातंय तोवर जवळ थांबा. दुसऱ्यांच्या मुलांना देताना शेंगदाणा किंवा नट्सची ॲलर्जी आहे का ते आधी विचारा.

ठेवताना

खोबरेल तेल घातलेले बाइट्स बाहेर ठेवले तर मऊ पडणारच, ते तेल २४ अंशांच्या आसपास वितळतं. सुक्या फळांचे बाइट्स हवाबंद डब्यात, फ्रीजमध्ये साधारण आठवडाभर छान राहतात. जास्त केले असतील तर आधी ताटात एकमेकांना न चिकटता मांडून फ्रीझरमध्ये कडक करा आणि मग पिशवीत भरा, थेट भरले तर सगळ्यांचा मिळून एकच गोळा होतो. असे तीन महिने चालतात, खायच्या आधी १० ते १५ मिनिटं बाहेर काढून ठेवायचे.