पाळीव प्राणी, सहली आणि घरची शाळा: या चुका टाळा

घरीच मुलांना शिकवायला लागून आम्हाला ६ वर्षं झाली. नव्या पालकांशी बोलताना दर वेळी त्याच चुका कानावर येतात. त्यांतल्या दोन आम्हीही केल्या आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिते.

टाकी आणि मासे एकाच दिवशी आणणं

पहिल्या पावसाळ्यात घराजवळच्या दुकानातून काचेचं गोल भांडं आणि सहा गोल्डफिश आणले. नळाचं पाणी भरलं आणि तासाभरात मासे सोडले. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. तिने सहाही माशांना नावं दिली. चौथ्या दिवशी दोन मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकायला लागले. आठव्या दिवशी सकाळी शेवटचाही तळाशी आडवा पडला होता. "आई, मी जास्त खाऊ घातला का गं?" असं तिने विचारलं, आणि मला उत्तर देता येईना. मग वाचायला बसले.

माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया उतरतो. तो त्यांच्यासाठी विषच. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करणारे जीवाणू नव्या टाकीत नसतात. ते फिल्टरच्या स्पंजवर वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. त्यात नळाच्या पाण्यातलं क्लोरीन. दुकानात हे कोणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

दुसऱ्या वेळी फिल्टर लावलेली टाकी माशांशिवाय चालू ठेवली. रोज चिमूटभर खाद्य टाकायचं, म्हणजे ते कुजून अमोनिया तयार होतो. दर दोन दिवसांनी तपासणीचे थेंब टाकून रंग बघायचा आणि आलेखाच्या कागदावर ठिपका द्यायचा. अमोनियाची रेघ चढली, उतरली. मग नायट्राइटची चढली. दोन्ही शून्यावर आल्या त्या दिवशी मुलगी घरभर नाचली. त्यानंतर तीन गप्पी आणले. आलेख, जीवाणू, नायट्रोजनचं चक्र हे सगळं त्या कागदात आलं. ज्यांना सहा आठवडे थांबवत नाही, त्यांनी मासे आणू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक सवय लावून घ्या: स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. नाहीतर क्लोरीनने जीवाणू मरतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

एका दिवसात अख्खं पुणं

एका रविवारी शनिवारवाडा, लाल महाल, केळकर संग्रहालय आणि पर्वती असा बेत केला. शनिवारवाड्यात मुलं राजवाडा शोधत राहिली; तो १८२८ च्या आगीत जळाला, हे मी आधी सांगायला हवं होतं. पर्वतीच्या १०३ पायऱ्यांपैकी निम्म्यावर धाकटा बसला तो उठेचना. रात्री त्याने वहीत एकच ओळ लिहिली: "पाय दुखले."

आता एका वेळी एकच जागा, आणि तीही पुन्हा पुन्हा. पाताळेश्वरला आम्ही पाच वेळा गेलो आहोत. आठव्या शतकातलं हे लेणं, बेसाल्टच्या एकाच कातळात कोरलेलं आणि अर्धवट सोडलेलं. तिसऱ्या खेपेला धाकट्याने छिन्नीच्या घावांवरून बोट फिरवत विचारलं, "अर्धंच का सोडलं?" पुढच्या आठवड्यात वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीत तोच काळा दगड त्याने आपणहून ओळखला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची गोष्ट तिथे उन्हात बसून सांगितली, तेव्हा तो एकदाही उठला नाही. आम्ही सकाळी सातला निघतो, दहाला घरी येतो. मुलं कंटाळतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधी घड्याळ बघावं.

बाकीच्या, थोडक्यात

पोपट किंवा तारा कासव पाळू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

दुकानातलं लाल कानाचं कासव तर आणूच नका. ते मूळचं अमेरिकेतलं, वीस-तीस वर्षं जगतं, आणि कंटाळून तलावात सोडलं की तिथल्या जिवांच्या मुळावर उठतं.

कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं.

पुण्याजवळच्या कवडीपाटला चक्रवाक बदकं बघायची तर हिवाळ्यात जा. मे महिन्यात जाऊन पक्षी नाहीत म्हणू नका.

सहलीत छापील प्रश्नपत्रिका हातात देऊ नका. मुलं मग झाड बघत नाहीत, रिकामी जागा भरतात.

परीक्षेची घाई नको. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) दहावीला बसायला वय किमान १४ लागतं, तोवर भरपूर वेळ आहे.

प्राणी मेला तर मुलं झोपल्यावर गुपचूप तसाच दुसरा आणून ठेवू नका. आमचे सहाही मासे मुलीनेच कढीपत्त्याच्या कुंडीत पुरले आणि वहीत प्रत्येकाच्या नावापुढे तारीख लिहिली.