भाकरी सुरू केली आणि पंधरवड्यात बंद पडली? या चुका टाळा

ज्वारीची भाकरी सुरू, साखर बंद, भात बंद, आणि सगळं एकाच सोमवारपासून. पहिली चूक हीच. चार दिवसांत घरात कोणाचं तरी पोट फुगतं, मुलं तोंड फिरवतात आणि पिठाचा डबा मागच्या फळीवर जातो.

पोट फुगलं म्हणजे भाकरी मानवत नाही, असं लगेच ठरवू नका. त्याच आठवड्यात मटकीची उसळ, कोशिंबीर आणि भाकरी असं सगळं वाढलेलं असतं. एवढा चोथा आतड्यांना एकदम झेपत नाही. आठवड्यातून दोन रात्री भाकरी करा आणि दोन-तीन आठवड्यांनी एखादा वार वाढवा. कडधान्यं भिजवलेलं पाणी टाकून द्या, उसळ मऊ शिजवा आणि पाणी नेहमीपेक्षा जास्त प्या.

बरेचदा अडतं ते थापण्यापाशी. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन, म्हणजे पीठ धरून ठेवणारं चिवट प्रथिन, नसतं, म्हणून कणकेच्या हिशोबाने मळलं की भाकरी चिरणारच. पाणी चांगलं गरम हवं. एका भाकरीपुरतंच पीठ घ्या, तळहाताने रगडून मळा आणि लगेच थापा. तरीही चिरत असेल तर पीठ जुनं आहे, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली आहे. गिरणीतून किलोभरच दळून आणा. उरलेल्या जुन्या पिठात थोडी कणीक आणि कांदा-कोथिंबीर घालून थालीपिठं लावा. तेल मात्र चमच्याने मोजून सोडा, नाहीतर केलेलं सगळं तव्यावरच फिटतं.

आणि भाकरी आहे म्हणून तीन खायच्या, असं नाही. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात उष्मांक जवळपास सारखेच, 100 ग्रॅमला साधारण 340-350. फायदा हवा तर ताटातली भाजी वाढली पाहिजे.

साखरेच्या जागी गूळ घालणं ही माझ्या मते सगळ्यात लाडकी फसवणूक. गूळही बहुतांश साखरच. दोन चमचे साखरेचे चार कप चहा म्हणजे रोजची 35-40 ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना 2000 उष्मांकांच्या आहारात वरून घातलेली साखर 50 ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते, जमल्यास 25. चहाच्या पातेल्यातच साखर पडते तोवर कोणाचीच कमी होत नाही. चहा बिनसाखरेचा उकळा, ज्याने त्याने आपल्या कपात घालावी आणि दर आठवड्याला पाव चमचा कमी करावी. जीभ हळूहळू सरावते. सोबतची खारी आणि बिस्किटं तशीच राहिली तर मात्र हिशोब पुन्हा तिथेच.

उपवासाचं थोडक्यात: साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. एक आड एक उपवासाला भगर किंवा राजगिरा करून बघा.

मीठ भाजीतलं कमी केलं, पण पानातलं लोणचं, पापड आणि संध्याकाळचं फरसाण मोजलंच नाही, असं सर्रास होतं. दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत मीठ हवं, म्हणजे सपाट चमचाभर. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना विचारूनच आणा. इन्सुलिन किंवा मधुमेहाची काही औषधं घेणाऱ्यांनी भात-पोळी अचानक कमी केली तर रक्तातली साखर एकदम उतरू शकते. औषधाची मात्रा बदलायची का, हे त्यांनी आधी विचारून घ्यावं.