पियानोचा ‘सोपा’ तुकडा किती सोपा आहे, हे वाजवण्याआधी कसं ओळखावं?

तुकडा एका पानाचा आहे किंवा पुस्तकावर ‘बिगिनर’ छापलंय, एवढ्यावरून तो सोपा ठरत नाही. नवशिक्याला स्वरांची संख्या फारशी अडवत नाही. हात किती वेळा जागा बदलतो आणि दोन्ही हात एकाच वेळी किती हलतात, तिथे तो अडतो. हे कागदावरच तपासता येतं.

जी मेजरमधला प्रसिद्ध मिन्युएट (तीन मात्रांच्या नृत्याचा तुकडा) घ्या. आना माग्डालेना बाखच्या 1725 च्या वहीतला हा तुकडा बराच काळ तिचा नवरा, संगीतकार योहान सेबास्टियान बाख याच्या नावावर होता. प्रत्यक्षात तो ख्रिश्चन पेट्झोल्डचा आहे. 32 बार (उभ्या रेषांमधले भाग), प्रत्येक बारात तीन मात्रा, सुरुवातीला एकच शार्प (स्वर अर्ध्या पायरीने चढवणारी खूण). वरवर पाहता निवांत काम.

आता पेन्सिल घ्या. पहिल्या बारात उजवा हात डी (5), जी (1), ए (2), बी (3), सी (4) असा एकाच जागी बसतो; कंसातले आकडे बोटांचे, अंगठा 1 आणि करंगळी 5. दुसऱ्या बाराच्या शेवटी अंगठा जीवर असतो आणि तिसरा बार ई (3), सी (1) असा सुरू होतो, म्हणजे अख्खा हात वर सरकतो. तिथे बाण काढा. चौथ्या बारात वरच्या जीवरून खालच्या जीवर सप्तकभर उडी आहे, तिथेही बाण. आता दुसरा ते सहावा बार पाहा: डाव्या हाताला प्रत्येकी एकच लांब स्वर आहे, बी, सी, बी, ए, जी. त्यामुळे सुरुवात झेपते. दुसऱ्या भागात उजव्या हाताला विसाव्या बारापासून सी शार्प येतो आणि 27 व्या बारात सी पुन्हा साधा होतो. या दोन्ही सींभोवती गोल करा.

मग चाचणी. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 50 ठोक्यांवर ठेवून पहिले चार बार एकेका हाताने वाजवा. चार-पाच प्रयत्नांत न थांबता जमले, तर तुकडा तुमच्या पातळीचा आहे. एक हातही अडखळत असेल, तर सध्या दुसरा निवडा. त्यात कमीपणा नाही.

सराव बाणांपासून सुरू करा. दुसऱ्या बाराच्या शेवटच्या जीपासून तिसऱ्या बाराच्या पहिल्या दोन स्वरांपर्यंत एवढंच वाजवा. बहुतेक जण बाराच्या रेषेवर थांबून सराव करतात, आणि तोच थांबा पुढे वाजवताना ऐकू येतो. म्हणून प्रत्येक तुकडी पुढच्या बाराच्या पहिल्या स्वरावर संपवा.

नवव्यापासून चौदाव्या बारापर्यंत उजवा हात पहिल्या सहा बारांसारखाच आहे, पण डावा बहुतेक ठिकाणी वेगळा. इथे फसगत हमखास होते, कारण उजवा ओळखीचा वाटला की डावाही सवयीने जुनंच वाजवतो. या सहा बारांत डावा हात स्वतंत्रपणे पाठ करा. हार्मोनियमवरून आलेल्यांनी तर डाव्याला दुप्पट वेळ द्यावा. तिथे तो भाता सांभाळत असतो, पट्ट्यांची सवय त्याला नसते.

हात एकत्र करताना वेग पुन्हा 50 वर आणा. सलग तीन वेळा बिनचूक झालं की 4 ने वाढवा, चूक झाली की 8 ने कमी करा. 100 च्या पुढे घाई नको. पेडल (स्वर लांबवणारी पायपट्टी) लावू नका: शेजारचे स्वर एकमेकांत मिसळतात आणि डाव्या हाताने लांब स्वर वेळेआधी सोडला, तर ते कळतच नाही.